भुंग्याचा पाय



टोमॅटोच्या नोंदी महिनाभर मागे पडल्या, म्हणून दोघा-तिघांनी फोन करून विचारलं. प्लॉट ठीक आहे, तोडे चालू आहेत. लिहायला बसायचो त्या वेळेला मी दुसऱ्याच कामात होतो. कुत्र्याच्या पायाच्या. हसू नका. शेतावर कुत्रं असलेल्या प्रत्येकावर ही वेळ कधीतरी येते, आणि आली की काय करायचं हे आपल्यात कुणी नीट सांगत नाही. मला तरी सांगितलं नव्हतं.

भुंग्या चार वर्षांचा. काळा, गावठी, १९ किलो. आम्ही जुन्नर तालुक्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. बिबट्याचं सांगायला नको. भुंग्या म्हणजे आमची रात्रीची घंटा. शेळ्यांच्या गोठ्याकडे काही हललं की त्याचा आवाज बदलतो, आणि त्या आवाजावरून आई सांगते की बाहेर माणूस आहे, मुंगूस आहे का 'तो' आहे.

आषाढी एकादशीनंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रेट भरले होते, नारायणगावच्या बाजाराला गाडी पाठवायची होती, पाऊस अंगावर आला होता. घाईत ट्रॅक्टर मागे घेतला. ट्रॉलीखाली भुंग्या झोपलेला. रोज तिथंच झोपतो, मला माहीत होतं. खाली बघितलं नाही. त्याचं ओरडणं इंजिनाच्या आवाजातही ऐकू आलं.

मागचा उजवा पाय, गुडघ्याच्या खाली नडगीचं हाड. पाय लोंबत होता. उचलायला गेलो तर त्यानं माझ्या हाताचा चावा घेतला. चार वर्षांत कधी दात लावला नव्हता. दुखणाऱ्या जनावराला मालक कळत नाही हे बैलाच्या बाबतीत आपल्याला माहीत असतं, कुत्र्याच्या बाबतीत विसरतो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, आधी तोंडाला पट्टीची नाडी बांधायची, नाक मोकळं ठेवायचं, मग सतरंजीवर सरकवून चौघांनी उचलायचं. त्याला रेबीजची लस दरवर्षी दिलेली, तरी मला जखम पंधरा मिनिटं साबणाच्या धारेखाली धुवावी लागली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शनं घ्यावी लागली. आपलंच कुत्रं आहे म्हणून ही गोष्ट सोडू नका.

पुढचे दोन दिवस मी वाया घालवले. एकाच्या सांगण्यावरून हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं पाला लावून बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या. रात्रभर कुत्रं कण्हत होतं, तेव्हा मी घरात नानांच्या गुडघ्यासाठी आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी होती, तिची अर्धी गुळात घालून दिली. चांगुलपणानंच दिली. दुसऱ्या दिवशी त्याला काळपट उलटी झाली, आणि पट्टीखाली बोटं फुगून थंडगार पडली.

मग मात्र गाडी केली आणि पुणं गाठलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कामट्या कापल्या, बोटं चेपून बघितली आणि आधी मला झाडला. माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, मूत्रपिंड बसवते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कुठलीच घरातली गोळी द्यायची नाही. कुत्र्याला चालतं ते औषध वेगळं, मोजून, वजनावर, पोटात अन्न असताना. "डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, तुम्ही शेतकरी, तुम्हाला माहीत असायला हवं," असंही म्हणाल्या. मला गिधाडांचं माहीत होतं. हे औषध टोचलेलं जनावर मेलं की ते खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची, म्हणून ती बंदी आली. नाना अजून सांगतात, पूर्वी मेलेलं गुरू माळावर टाकलं की तासाभरात आभाळ भरायचं. पण माझ्या घरातली गोळी आणि ते औषध एकच, हे डोक्यात जोडलंच गेलं नव्हतं.

रक्त तपासून, सलाईन लावून, त्याच दिवशी दुपारनंतर ऑपरेशन झालं. हाडाला स्टीलची पट्टी आणि स्क्रू. औषधं, एक्स-रे, गाडी धरून २४,००० रुपये.

घरी नानांनी आकडा ऐकला आणि काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "क्रेटला आज एकशे ऐंशी मिळाले. म्हणजे एकशे तेहतीस क्रेट." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गेल्या उन्हाळ्यात कालवड आजारली तेव्हा आम्ही खर्चाकडे बघून दोन दिवस थांबलो होतो आणि ती गेली. ते त्यांच्या मनात होतं, माझ्याही होतं. पण कालवडीवरून मी ट्रॅक्टर घातला नव्हता.

आता घरच्या कामाचं सांगतो. मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशन माझं दीड तासाचं. पुढचे सहा आठवडे तुमचे. बहुतेक पाय बिघडतात ते घरी बिघडतात."

पहिलं काम त्याला कोंडायचं. उड्या नाहीत, पळणं नाही, पायऱ्या नाहीत, फक्त शी-शूला दोरीवर बाहेर. शेतातलं मोकळं कुत्रं सहा आठवडे कोंडायचं म्हणजे काय ते विचार करा. शहरातल्यासारखं "वऱ्हांड्यात बांधून ठेवा" हे आमच्याकडे चालत नाही. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास झाला होता, त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. तीन पायांचं, बांधलेलं, रात्री कण्हणारं कुत्रं अंगणात ठेवणं म्हणजे ताट वाढून ठेवणं. आणि आईच्या घरात कुत्र्याला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. तिचं म्हणणं, ते दारात शोभतं.

मधला मार्ग निघाला. पडवीला लागून खताच्या गोण्यांची खोली आहे, पत्र्याचं दार. गोण्या हलवल्या, फरशी दोनदा धुतली. वेल्डमेशच्या जाळीचं चार बाय पाच फुटांचं खुराडं केलं. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल, पण उडी घेता येणार नाही, एवढंच. शहाबादी फरशीवर पाय घसरतो, म्हणून खाली गोणपाटं शिवून पसरली, झोपायला जुनी गादी. दर दोन दिवसांनी गोणपाट बदलायचं, धुवायचं. पावसाळा आणि माश्या, टाक्यांवर एक माशी बसली तरी अळ्या पडायला वेळ लागत नाही. दाराला शेडनेट लावलं. सकाळ-संध्याकाळ टॉर्च घेऊन जखम बघायची. कडा कोरड्या असाव्यात, वास नसावा, पाणी येऊ नये.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा देतात. दिलेला भोंगा भुंग्यानं पहिल्याच रात्री जाळीला आपटून चिरला. मग तेलाची जुनी पंधरा लिटरची बादली घेतली, बूड कापलं, कडेला भोकं पाडून पट्ट्यात ओवली. कापलेली कड मानेला लागते, त्यावर १६ एमएमच्या लॅटरलचा तुकडा उभा चिरून बसवला. ड्रिपचं भंगार कुठं कुठं कामाला येतं बघा. बादली खाण्याच्या तेलाचीच घ्या, औषधाच्या कॅनला हात लावू नका, कितीही धुतला असला तरी.

पहिले दोन दिवस त्यानं शी केली नाही. मी घाबरलो. भुलीनंतर असं होतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी होईल, असं मॅडमनी फोनवर सांगितलं आणि तसंच झालं. बाहेर नेताना आईचा जुना पंचा पोटाखालून, मांड्यांच्या पुढून घालायचा आणि दोन्ही टोकं वर धरून मागचं वजन आपण उचलायचं. तो पुढच्या दोन पायांवर चालतो, आपण हातगाडीसारखे मागून. पहिले तीन दिवस पंच्यात बर्फ गुंडाळून सुजेवर दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. आमच्याकडे बर्फ म्हणजे दुधाच्या पिशवीत गोठवलेलं पाणी. पिशवी उघडी लावायची नाही.

खाण्यावरून आईशी वाद झाला. पाय मोडलाय म्हणून ती त्याला दुप्पट घालायची. बसून असलेल्या कुत्र्याचं वजन वाढलं की तो भार त्याच पायावर. भाकरी-दूध कमी केलं, अंडं आणि उकडलेली कोंबडी सुरू केली. रस्सा बंद. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट, तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं-बेदाणे तर मूत्रपिंडालाच. आमच्या भागात या दोन्ही गोष्टी कुत्र्यापुढे रोज पडतात. म्हशीचं कॅल्शियमचं बाटलीतलं औषध द्यायचा सल्ला निम्म्या गावानं दिला. मॅडम नको म्हणाल्या. हाडाला मुख्य गरज स्थिर राहण्याची असते, नीट खाणाऱ्या मोठ्या कुत्र्याला वरून कॅल्शियम ओतून हाड लवकर जुळत नाही. दिव्याच्या अवसेच्या आदल्या दिवशी, म्हणजे तेराव्या दिवशी, टाके निघाले, आणि दुसऱ्या दिवशी गटारी. गावभरची हाडकं. शिजलेलं हाड तुकडे होऊन आतड्यात रुततं, म्हणून मुलगी दिवसभर खोलीच्या दारात पहाऱ्याला बसली. तिनं एक वहीच घातली होती. औषध किती वाजता, शी केली का, मांडीचा घेर किती. टेपनं दोन्ही मांड्या मोजायची. डावी ३२ सेंटिमीटर, उजवी २७. वापर नसला की मांस किती झपाट्यानं उतरतं ते त्या वहीत दिसतं.

टाके काढताना मी विचारलं होतं, हाड जुळतं म्हणजे नक्की काय होतं? मॅडमनी शब्द वापरला 'कॅलस', आणि माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. अहो, हा तर आपला शब्द. डॉगरिजवर द्राक्षाची काडी भरतो तेव्हा सांध्यावर जे पांढरट, दाणेदार येतं तेच ना! पाचर नीट बसली, पट्टी घट्ट असली, वाऱ्यानं काडी हलली नाही, की कॅलस दोन्हीकडून येऊन सांधा धरतो. हलली की गेली. हाडाचंही जवळपास असंच. आधी रक्ताची गाठ, मग मऊ जोड, मग त्यात चुना भरून कडक. मऊ असताना हिसका बसला की जोड पुन्हा फुटतो. स्टीलची पट्टी म्हणजे आपली कलमाची पट्टी. ती जोडत नाही, फक्त धरून ठेवते. धातूसुद्धा रोज रोज वाकवला की थकून तुटतो, त्यामुळे हाड आधी जुळतंय का पट्टी आधी थकतेय, अशी ही शर्यत असते.

घरी येऊन नानांना हे सांगितलं. नानांनी पाचशे-हजार काड्या स्वतःच्या हातानं भरलेल्या. त्या दिवसापासून कुणी भुंग्याला "ये रे" म्हणून हाक मारली की ते खेकसायचे, "हलवू नका त्याला, भरलेला हाये तो."

नागपंचमीच्या रात्री घात झाला. ऑपरेशनला एकोणीस दिवस झाले होते. पायाची बोटं टेकवायला लागला होता. रात्री दोनच्या सुमाराला लाइट गेलेली, पाऊस थांबलेला. शेळ्या एकदम गप्प झाल्या. शेळ्या ओरडतात तेव्हा भीती नसते एवढी त्या गप्प होतात तेव्हा वाटते. मग भुंग्याचा तो आवाज, आणि पाठोपाठ जाळी धडाधड आपटायला लागली. पत्र्याच्या दारावर काहीतरी घासलं. बाहेर जायचं नाही हे आमच्या घरात पोरांनाही पाठ आहे. आतूनच परात बडवली, खिडकीतून बॅटरी मारली, नानांनी फटाक्याची माळ काढून दिली. पाच मिनिटांत सगळं शांत. पण आत तो पाच मिनिटं मागच्या दोन पायांवर उभा राहून जाळीला धडका देत होता. भोंगा लावलेलं, चार बाय पाचात कोंडलेलं कुत्रं, तेही आपलं कामच करत होतं.

सकाळी गटाराच्या चिखलात पंजे होते, दारापर्यंत आलेले. भुंग्यानं पाय पोटाशी धरलेला, नडगी गरम आणि सुजलेली.

पुन्हा पुणं. नव्वद किलोमीटर मी काही बोललो नाही. नाना स्वतःहून गाडीत बसले होते. एक्स-रे लावल्यावर मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. सगळ्यात खालचा एक स्क्रू थोडा मागे सरकला होता. पट्टी जागेवर, हाड सरळ, सांध्यावर कॅलसची पुसट सावली धरलेली. पुन्हा उघडायची गरज नाही, पण आता दोन आठवडे पहिल्या दिवसासारखं कडक, आणि सहाचे आठ आठवडे. नानांनी विचारलं, "म्हणजे सांधा धरलाय ना?" त्या म्हणाल्या, "धरतोय, आजोबा."

त्या संध्याकाळी घरी आलो तर आईनं मधल्या खोलीतली कणगी सरकवलेली. जागा केलेली. तोंडानं काही कबूल केलं नाही, एवढंच म्हणाली, "देव्हाऱ्याकडं पाय करून नको बांधू त्याला." खुराडं घरात आलं. पहिल्या रात्री भुंग्याला झोपच लागली नाही, छपराकडे बघत बसला होता. आईला पण नाही.

पाचव्या आठवड्यानंतर व्यायाम. हा भाग मला सगळ्यात अवघड गेला, कारण तो सावकाश करायचा असतो. आडवा झोपवून पाय हातात धरायचा, गुडघा आणि घोटा हळू वाकवायचा, हळू सरळ करायचा, दहा-बारा वेळा, दिवसातून तीनदा. त्यानं मान वळवली की थांबायचं. दोरीवर पाच मिनिटं चालवायचं, आणि तेही मुंगीच्या चालीनं. वेगात चाललं की कुत्रं दुखरा पाय वर उचलून तीन पायांवर मजेत पळतं, आपल्याला वाटतं बरं झालं. सावकाश चालवलं तरच चौथा पाय टेकवावा लागतो. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची.

सातव्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, जमिनीवर काठ्या आडव्या ठेवून त्यावरून चालवा, म्हणजे पाय उचलून टाकेल. काठ्या कशाला, टोमॅटोच्या जुन्या प्लॉटातून काढलेल्या लॅटरल पडल्या होत्या. दीड-दीड फुटावर दहा अंथरल्या. पहिल्या दिवशी प्रत्येक नळीला अडखळला. चौथ्या दिवशी नीट मोजून पाय टाकत गेला. पोहण्याचा व्यायाम चांगला असतो म्हणून एकानं शेततळ्यात सोडायला सांगितलं. ते करू नका. शेततळ्याच्या प्लास्टिकवर धडधाकट कुत्र्यालाही वर येता येत नाही. आम्ही ओढ्याला त्याच्या गुडघ्याइतक्या पाण्यात वाळूवरून चालवलं, तेही पाऊस उघडल्यावर.

गणपतीत शेवटचा एक्स-रे झाला. सांधा भरला. पट्टी तशीच राहील, त्रास दिला तरच काढायची. वहीत शेवटची नोंद आहे, डावी ३२, उजवी ३०. थंड सकाळी थोडा लंगडतो, ते राहील असं वाटतं. रात्री तो अजून घरातच झोपतो. पुन्हा बाहेर कधी, हा विषय कुणी काढलेला नाही. गोठ्याला मात्र आता छतापर्यंत जाळी केली, कुत्र्याच्या भरवशावर शेळ्या ठेवायचं बंद केलं.

मला वाटलं होतं, ट्रॅक्टरचा आवाज आला तरी पळून जाईल. पहिले दोन आठवडे पळालाही. आज दुपारी बघतो तर ऊन आहे म्हणून साहेब ट्रॉलीखाली, त्याच चाकाशी, पाय ताणून झोपलेत. चार वाजता क्रेट भरायचे आहेत. आधी जाऊन त्याला उठवतो.